शरद ऋतूतले रोजचे छोटे नेम: आपल्याकडे काय करतात आणि आज काय निभते?

सांजवात

सर्वपित्री अमावास्या जवळ आली आहे. दुसऱ्या दिवशी घट बसतील आणि तेव्हापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा दीड महिना सणावारांत कसा निघून जातो ते कळणारही नाही. मला मात्र सणांविषयी विचारायचे नसून, त्या दीड महिन्यात रोज, दहापंधरा मिनिटांत, घरच्या घरी जे केले जाते त्याविषयी विचारायचे आहे.

विचारण्याचे कारण असे की, मोबाइलवर सध्या ऋतूबदलाच्या तोडग्यांच्या चित्रफिती सारख्या समोर येत असतात. महिन्याच्या एक तारखेला दारात उभे राहून तळहातावरची दालचिनीची पूड घरात फुंकायची म्हणजे पैसा येतो; तमालपत्रावर इच्छा लिहून ते जाळायचे; पौर्णिमेच्या रात्री खिडकीत पाण्याची बरणी ठेवून त्यात चांदणे साठवायचे. माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या मैत्रिणी हे सर्व करतात, आणि मी हसले तेव्हा तिने विचारले, "मग आपल्याकडे रोजचे काय असते?" मी घटस्थापना, कोजागरी, दिवाळी अशी नावे घेतली, त्यावर तिने हे सगळे एकेका दिवसाचे आहे असे म्हटले, आणि ते मला खोडून काढता आले नाही.

आम्ही दोघेही नोकरी करतो, घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि अंगण नाही. अशा घरात या ऋतूत रोज करण्यासारखे काय आहे, आणि तोडगा व नेम यांत आपण फरक कुठे करता, हे दोन्ही जाणकारांनी सांगावे.

खडीसाखर

दालचिनी आम्ही फुंकून पाहिली. पैसा आला नाही, परंतु उंबरठ्यावरच्या मुंग्या गेल्या. तेव्हा तोडगा अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही.

काळी_आई

सांजवातताई, घटस्थापना एका दिवसाची आहे, असे आपण मुलीला मान्य करायला नको होते. घट बसतात एका दिवशी, पण ते नऊ दिवस सांभाळावे लागतात, आणि खरा नेम तो सांभाळण्यातच आहे.

आमच्याकडे मराठवाड्यात शेतातली काळी माती आणून, तिच्यातले खडे आणि काडीकचरा काढून, ती पत्रावळीवर किंवा परडीत पसरतात. गहू, ज्वारी, मका, हरभरा, करडई असे जे घरात असेल ते धान्य तीत पेरून मधोमध मातीचा घट पाण्याने भरून ठेवतात. आता पुष्कळ घरांत तांब्याचा किंवा स्टीलचा कलश ठेवतात आणि तेथेच सगळी गंमत जाते, कारण कच्च्या भाजणीचा मातीचा घट पाझरतो, त्याच्या अंगाला ओल सुटते आणि ती ओल भोवतीच्या मातीला हळूहळू मिळत राहते. धातूच्या कलशाभोवतालच्या मातीवर रोज वरून पाणी शिंपडावे लागते. ते बहुधा जास्त होते आणि चौथ्यापाचव्या दिवशी हरभरा कुजून वास येऊ लागतो. मातीचा घट असला तर रोज सकाळी फक्त त्यातले पाणी कमी झाले आहे का ते पाहायचे आणि तेवढीच भर घालायची.

दुसरे काम माळेचे. रोज एक माळ घटावर सोडायची. आमच्याकडे झेंडूपेक्षा कारळ्याच्या आणि तिळाच्या फुलांचा मान मोठा, कारण त्या दिवसांत शेतात तीच फुललेली असतात. शहरात जे फूल मिळेल ते चालते, पण माळ विकत न आणता घरी ओवावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्याला पाच मिनिटे लागतात आणि त्या पाच मिनिटांत हाताला दुसरे काही करता येत नाही.

देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी असल्यामुळे कोंब हिरवे न होता पिवळे धमक आणि उंच येतात. दसऱ्याला तेच देवाला वाहून टोपीत किंवा कानावर खोवतात. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर घरातल्या बियाण्याची उगवण या निमित्ताने डोळ्यांसमोर राहते. आमचे वडील परडीत काय दाट आले आणि काय विरळ आले हे पाहूनच बोलायला लागत.

उंबरठा

काळी_आई यांचे सर्व मान्य, परंतु घटाबरोबर अखंड दिवा येतो आणि दिवसभर बंद राहणाऱ्या घरात अखंड दिवा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पडदा, लाकडी देवघर, उघडी खिडकी आणि उंदीर यांपैकी एकही गोष्ट पुरेशी असते. आमच्या आईने नोकरी करताना यातून मार्ग काढला होता: घरात कोणी जागे असेल तेवढा वेळ समई तेवत ठेवायची आणि बाहेर पडताना ती फुलाने शांत करायची. देवी रागावल्याचे तिच्या तरी पाहण्यात आले नाही.

ज्यांच्या घरी सतत माणूस असते आणि जे अखंड दिवा ठेवतात, त्यांच्यासाठी एक जुनी रीत सांगतो. वातीवर काजळी धरली की ज्योत बारीक होते आणि ती झाडताना दिवा विझण्याची भीती असते. म्हणून आधी शेजारी निरांजन त्याच दिव्यावर पेटवून घेतात, मग काडीने काजळी काढतात, वात पुढे सरकवतात, तेल घालतात आणि मधेच दिवा गेला तर निरांजनावरून पुन्हा लावतात.

चार्वाक_पुणेरी

सांजवात यांच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून मी घालतो. दालचिनी फुंकणे आणि मीठमोहरी ओवाळून टाकणे यांत मला तत्त्वतः काडीचाही फरक दिसत नाही. एक परक्या देशातून आले म्हणून हास्यास्पद आणि दुसरे आजीने केले म्हणून संस्कृती, हा न्याय मला पटत नाही. दोन्हींमागे वस्तूच्या अंगी अदृश्य शक्ती असून ती आपले काम करील, अशीच समजूत आहे.

देवगडचा_चुलता

चार्वाकराव, आपण दृष्ट कधी काढून घेतलेली दिसत नाही. आमच्याकडे तिन्हीसांजेला मूल किरकिरायला लागले की आजी मुठीत मीठ, मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या घेऊन, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, कोणाकोणाची म्हणून नावे पुटपुटत मुलावरून उतरवायची आणि सगळे चुलीत टाकायची. मोहरी तडतडायची आणि मिरचीचा ठसका लागला नाही तर "बघ केवढी दृष्ट होती" म्हणायची. या सगळ्यात रडणारे मूल पाचसात मिनिटे एका माणसाच्या मांडीवर, त्या माणसाच्या पूर्ण लक्षात असायचे. किरकिर थांबण्याचे कारण मोहरीत होते की मांडीत, हे मी सांगत बसणार नाही. मात्र आजीने यासाठी कोणाकडून कधी एक पैसा घेतला नाही, हे सांगतो.

चार्वाक_पुणेरी

चुलते, मांडी मान्य आहे, मोहरी मान्य नाही. आणि मिरची जाळूनही ठसका न लागण्याचे कारण चुलीचा ओढा व धुराडे यांत शोधावे, दृष्टीत नव्हे.

तरीही पैशाचा मुद्दा आपण काढलात तो मात्र महत्त्वाचा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला आणि जो त्यांच्या खुनानंतर २०१३ साली झाला, त्या जादूटोणाविरोधी कायद्यातही नेमका हाच विवेक आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप किंवा विंचू चावला असताना माणसाला दवाखान्यात जाऊ न देणे हे त्यात गुन्हे आहेत. घरची पूजा, हरिपाठ, कीर्तन, वारी यांना त्यात हात लावलेला नाही. कायद्याला विरोध करणाऱ्यांनी त्या काळात नेमके उलटे पसरवले होते. त्यामुळे मला न पटणारी गोष्ट आणि बंद व्हायला हवी अशी गोष्ट, या मी वेगळ्या धरतो. आपली आजी पहिल्या वर्गात आहे.

देवगडचा_चुलता

आजीच्या वतीने आभार. ती असती तर एवढ्या लांबलचक उत्तराबद्दल तिने आपलीच दृष्ट काढली असती.

वैद्य_नाशिक

बरणीत चांदणे साठवण्याचा उल्लेख वाचून मला हसू आले, कारण त्याचे फार जुने आणि फार शहाणे रूप आपल्याकडे आहे. चरकसंहितेत आणि अष्टांगहृदयात शरद ऋतूच्या चर्येत हंसोदक सांगितले आहे: दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्विष झालेले पाणी. हे वर्णन नद्यातळ्यांच्या पाण्याचे आहे. पावसाळाभर गढूळ असलेले पाणी या दिवसांत गाळ खाली बसून नितळ होते आणि त्याच सुमारास ढग निघून गेल्याने अगस्त्य दिसू लागतो. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याला हे लागू नाही. ते आपले गाळून, उकळूनच प्यावे.

पावसाळ्यात साचलेले पित्त या ऋतूच्या उन्हाने उसळते असे आयुर्वेद सांगतो. ज्याला आपण ऑक्टोबर हीट म्हणतो त्या दिवसांत माझ्याकडे अंगावर पित्त उठलेले, डोकेदुखीचे आणि आम्लपित्ताचे रुग्ण वाढतात. वैद्यांची माता शरद आणि पिता वसंत, असे एक खवचट सुभाषित आहे, ते अजूनही खरे आहे. म्हणून ग्रंथांत सांगितलेला नेम साधा आहे: दही आणि तळलेले कमी करावे, दुपारची झोप व दुपारचे ऊन टाळावे, कडू आणि तुरट चवी जेवणात असाव्यात, आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी चांदण्यात बसावे. हे शेवटचे अक्षरशः सांगितलेले आहे. शुद्ध पक्षात जेवण झाल्यावर वीस मिनिटे गच्चीत बसणे, एवढे तर तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबालाही जमेल. तळलेले कमी करण्याच्या सल्ल्याचे दिवाळीत काय होते ते मी पाहत असतो. तेव्हा मीही चकली खातो.

एक इशारा मात्र देतो. कोजागरीच्या चांदण्यात ठेवलेल्या दुधाने किंवा खिरीने दमा जातो, असे दरवर्षी कोणीतरी पसरवते. दूध अवश्य प्यावे, पण दम्याचे औषध आणि फवारा एका दिवसासाठीही बंद करू नये.

यारा_काठचा

मेलबर्नहून लिहीत आहे. वैद्यबुवांनी अगस्त्याचा विषय काढला म्हणून सांगतो की, आमच्याकडे अगस्त्योदय होऊच शकत नाही, कारण येथून हा तारा वर्षभर मावळतच नाही, फक्त दक्षिणेच्या क्षितिजाला जवळजवळ टेकून पुन्हा वर चढतो. शिवाय आश्विन लागला की येथे वसंत सुरू होतो. घट आम्ही बसवतो ते मोहोर आलेल्या झाडांच्या दिवसांत, आणि आमचा शरद चैत्रात येतो.

पहिली काही वर्षे पंचांगाप्रमाणे वागावे की झाडांप्रमाणे, यावर आमच्या मंडळात बराच खल झाला. आता तिथी पंचांगाची आणि वस्तू येथल्या, असे ठरले आहे. भारतातून बियाणे किंवा आंब्याची पाने आणता येत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात, त्यामुळे येथल्याच दुकानातला गहू पेरतो. काळी_आई यांनी सांगितलेला पाझरणारा घट मात्र आम्हाला सुचला नव्हता. झिलई नसलेली मातीची कुंडी, खालचे भोक बंद करून, या वर्षी वापरून पाहणार आहे.

टाळकरी

सांजवातताईंना रोजचा नेम हवा आहे आणि अजून कोणी काकड्याचे नाव काढले नाही, याचे नवल वाटते. गावोगावी कोजागरीच्या आगेमागे काकडआरती सुरू होते आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालते. पहाटे चारसाडेचारला देवळात दहाबारा माणसे जमतात. आधी भूपाळ्या आणि काकड्याचे अभंग होतात, मग वासुदेव, आंधळा, पांगळा, जोगी अशी रूपके, गौळणी आणि शेवटी आरती. आमच्या गावात हिवाळ्याची पहिली थंडी देवळाच्या फरशीवरून कळते; पोत्यावर बसले तरी चालते, पण पोते कोणी कोणाला देत नाही.

शहरात ज्यांना देऊळ जवळ नाही त्यांनी उगाच दोन तासांचा कार्यक्रम अंगावर घेऊ नये, कारण चौथ्या दिवशी तो सुटतो. रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी उठावे, पिळलेल्या कापडाची वात तुपात भिजवून लावावी, एक भूपाळी आणि एक अभंग मोठ्याने म्हणावा आणि कामाला लागावे. मोठ्याने म्हणावा असे मुद्दाम लिहिले आहे. यंत्रावर लावून ठेवलेला अभंग हा नेम नव्हे, ते श्रवण झाले. तेही चांगले, पण वेगळे.

आणि वैद्यबुवांसाठी एक पुरवणी जोडतो. काकड्याला जाताना ऑक्टोबरच्या उत्तरार्धात दक्षिणेकडे पाहिले तर त्यांचा अगस्त्य क्षितिजापासून थोडासा वर स्पष्ट दिसतो. त्याहून बराच वर जो अधिक तेजस्वी तारा असतो तो व्याध. दोघांत गल्लत करू नये.

अकोल्याची_लेक

मुलगी अकरावीतली आहे हे कोणी लक्षात घेतलेले दिसत नाही. तिला समई, काकडा आणि चांदणे सांगून उपयोग काय? तिच्या वयाच्या मुलींचा रोजचा नेम आमच्या विदर्भात आणि खानदेशात असतो, त्याचे नाव भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत पूर्ण महिनाभर रोज संध्याकाळी मातीचे भुलोजी आणि भुलाबाई मांडायचे, टिपऱ्यांवर गाणी म्हणायची आणि शेवटी खाऊ ओळखायचा. पश्चिम महाराष्ट्रात पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात, तो भोंडला नवरात्रातला, आणि सूर्य हस्त नक्षत्रात गेल्यावर, म्हणजे २७ सप्टेंबरच्या सुमारास, सुरू होऊन सोळा दिवस चालतो तो हादगा. आमचा महिनाभर असतो, हे कृपया नोंदवून घ्यावे.

खाऊ ओळखण्याची रीत अशी: झाकण लावलेला डबा कानाशी नेऊन हलवायचा. शेंगदाणे आणि फुटाणे लगेच बोलतात, शंकरपाळी किंचित जड आवाज करते, लाडू एकाच बाजूला गडगडतो. आमच्या शेजारच्या काकू मुद्दाम डब्यात कापड अंथरून त्यावर भाताचे वडे रचत, म्हणजे डबा अगदी मुका. मग तिखट की गोड, तळलेले की उकडलेले, अशी चौकशी सुरू व्हायची आणि हार मानायला कोणी तयार नसायचे.

खडीसाखर

भाताचे वडे! अकोल्याच्या ताईंनी आता पाककृती दिल्याशिवाय येथून जाऊ नये.

उंबरठा

पाककृतीसाठी वेगळा धागा काढावा, नाहीतर हा धागा डब्यातच संपेल.

फोंड्याची_वहिनी

आमच्या गोव्यात नरकचतुर्दशीला तुळशीपुढे कारीट पायाच्या अंगठ्याने फोडतो आणि त्याचा कडू रस जिभेला लावतो, म्हणजे वैद्यबुवांचा कडू रस एका दिवसापुरता तरी होतो. रोजचे म्हणाल तर दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत तिन्हीसांजेला वृंदावनापाशी पणती. अंगण नसले तरी कुंडीतली तुळस आणि एक पणती एवढ्याला खिडकीचा कठडा पुरतो. फक्त वारा कोठून येतो ते आधी पाहून घ्यावे.

चार्वाक_पुणेरी

आतापर्यंत जे आले त्यात मला अनपेक्षितपणे आवडलेले सांगतो. मातीत पाणी घालणे, माळ ओवणे, पहाटे उठून गाणे, चांदण्यात बसणे, डबा हलवणे, यांपैकी कशातही फळाचे आश्वासन नाही. दालचिनीवाल्या चित्रफितीत पहिल्याच वाक्यात पैसा येतो. नवरात्रातले रोजचे ठरीव रंग गेल्या वीसेक वर्षांत वृत्तपत्रांनी रुजवले, तेही निरुपद्रवी आहेत, पण आता त्या रंगांनाही कोणीतरी फळे चिकटवू लागले आहे. मी घट बसवणार नाही. काकडाही करणार नाही, कारण मला गाता येत नाही. मात्र अगस्त्य पाहायला उठेन.

टाळकरी

गाता येत नाही हे कारण चालत नाही. आमच्या काकड्यात निम्म्यांना येत नाही.

काळी_आई

चार्वाकरावांशी मी अर्धीच सहमत आहे. फळाची अपेक्षा नाही असे म्हणणे शहरातल्या माणसाला सोपे असते. आमच्याकडे घट बसवणाऱ्या बाईच्या मनात ज्वारी चांगली यावी हेच असते आणि ती ते देवीला स्वच्छ शब्दांत सांगते. मागणे असण्यात काही कमीपणा नाही. पण मागून झाल्यावर ती पेरायलाही जाते. चित्रफितीत पेरणीचा भाग नसतो.

सांजवात

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला हा सगळा संवाद वाचून दाखवला. चांदणे आणि डबा या दोन गोष्टींवर तिने लगेच बोट ठेवले, पिवळ्या कोंबांविषयी बरेच प्रश्न विचारले आणि पहाटे उठण्याच्या सूचनेकडे साफ दुर्लक्ष केले.

आमचे ठरले ते असे. मातीचा घट आणि परडी आणायची, माळ तिने संध्याकाळी ओवायची, समई आम्ही घरात असताना लावायची. भुलाबाईचा महिना निम्मा सरला असला तरी राहिलेल्या दिवसांत, तिच्या मैत्रिणींना जमेल त्या संध्याकाळी, खाऊचा डबा ठेवायचा. कोजागरीपर्यंत जेवणानंतर गच्ची, ढग असले तरीही. काकडा मी एकटी करून पाहणार आहे, एका अभंगापुरता. नवऱ्याने त्या वेळी चहा करून देण्याचे मान्य केले आहे.

एक शंका राहिली. दसऱ्याला घट उठल्यावर त्या मातीचे आणि उरलेल्या धानाचे काय करायचे? आमच्या येथून नदी लांब आहे.

काळी_आई

नदी जवळ असती तरी मी नदीत टाकू नका असेच सांगितले असते. कोंब मुळांसकट उपटून थोडे देवाला, थोडे टोपीला ठेवा. माती मोकळी करून, माळांचे दोरे वेचून काढून, ती तुळशीच्या कुंडीत घाला. फुलेही त्यातच कुस्करून टाकली तरी चालतात. न उगवलेला हरभरा मात्र निवडून काढा, नाहीतर कुंडीत मुंग्या येतील.

खडीसाखर

मुंग्या आल्याच तर दालचिनी शिल्लक आहे, पत्ता कळवावा.